सातवा ताड

(सन १९५७. आरमोरीच्या अलीकडलं एक धानाचं गाव. फाल्गुनातली दुपार. तलावाच्या पाळीवर सहा ताड उभे आहेत, सातव्याचा नुसता खुंट उरला आहे. खुंटावर जलालुद्दीन शिदोरी सोडून बसला आहे. डोमाजीची बंडी त्याच्यासमोर येऊन थांबते. बंडीत लोखंडी पेटीला टेकून त्याची बायको सुगंधा.)

डोमाजी : उठा भाई, पहिले उठा तिथून. भाकर खाली बसून खा, पण त्या खुंटावरून उठा.

जलालुद्दीन : काऊन भाऊ? दमलो होतो, टेकलो जरासा. तुमची जागा आहे का?

डोमाजी : माझी नाई. जिची आहे ती दिसत नाई. तुमी बाहेरगावचे, तुमाले कोणी सांगतलं नसन.

जलालुद्दीन : हे घ्या, उठलो. आता सांगा कोणाची जागा आहे.

डोमाजी : उतर वं सुगंधा. तांदूळ ठेव अन चाल. उन्हं कलाच्या आत नदी ओलांडाची आहे.

सुगंधा : किती ठेवू? एक मूठ का दोन?

डोमाजी : एकच ठेवते सारे.

सुगंधा : सारे वापस येते. मी पुन्हा येणार नाई, म्हून विचारलं.

जलालुद्दीन : बाई, कुठी चाल्लात?

सुगंधा : माहेरी.

जलालुद्दीन : मंग पुन्हा काऊन येणार नाई? शिमग्याले बाया माहेरी जातेच, चार दिवस राहून येते.

सुगंधा : पेटी घेऊन नाई जात, भाई.

डोमाजी : तू तांदूळ ठेव. वाटसराले घरच्या गोष्टी सांगू नको.

जलालुद्दीन : नका सांगू. पण ह्या खुंटाचं तं सांगा. मी आता त्याच्यावर बसून अर्धी भाकर खाल्ली, मले मालूम पाहिजे का पोटात काय गेलं.

डोमाजी : हासू नका. गाव सोडून जो जाते, तो इथी मूठभर तांदूळ ठेवून जाते. लग्नाची वरात असो का आजारी माणूस. ठेवले नाई तं पुढल्या नाल्यात बंडीचा कणा मोडते. मुखरू पुजाऱ्यानं रीत घालून देल्ली. चार वर्सं झाले.

जलालुद्दीन : अन ह्या खुंटात आहे कोण?

डोमाजी : माझी पहिली बायको. पोचक्का.

जलालुद्दीन : काय नाव सांगतलं?

डोमाजी : पोचक्का. सिरोंच्याकडची होती. ह्याच तलावात जीव देल्ला तिनं, सोळा वर्सं झाले.

जलालुद्दीन : सोळा. ... बाई, जरा पाणी द्या मले.

सुगंधा : घ्या. सावकाश प्या.

जलालुद्दीन : उन्हात लय चाललो आज. डोमाजी भाऊ म्हणते ना तुमाले? वाटेतल्या दुसऱ्या बंडीवाल्यानं तुमाले आवाज देल्ला होता मघाशी, ते ऐकलं. मले सांगा भाऊ, लाश भेटली होती?

डोमाजी : नाई. ढिवरांनी तीन दिवस जाळं टाकलं. मासोळ्या भेटल्या, ती नाई. काठावर घागर होती अन घागरीवर चुंबळ.

जलालुद्दीन : मंग क्रियाकर्म?

डोमाजी : पिठाची बाहुली केली. तिचं एक लुगडं फाडून बाहुलीले गुंडाळलं, अन जाळलं. तिकडं, वडाखाली. पिठाची होती म्हून लवकर जळली नाई. आतून कच्चीच राह्यली. तेवापासून मले वाटे, हे काई नीट झालं नाई.

सुगंधा : मी आली तेवा त्या जाळाचे काळे दगड होते तिथी. कोणी उचलले नव्हते.

जलालुद्दीन : अन मंग दिसते का ती तुमाले?

डोमाजी : दिसत नाई. ऐकू येते. पहिले दोन-तीन वर्सं काईच नव्हतं. मंग सुरू झालं. पहाटे, बाया पाण्याले निघाच्या आधी. बाई रडल्यासारखं, तोंडात पदर कोंबून रडते ना, तसं. माझं घर पाळीले लागूनच आहे. झोपेतून जाग येते, घोंगडं डोक्यावर ओढून पडतो. साऱ्या गावानं ऐकलं आहे. दसरूची बायको तं दोनदा घागर टाकून पळाली.

जलालुद्दीन : पण ती बुडाली तलावात, अन बसली ताडात. हे कसं?

डोमाजी : हे सात ताड तिचेच. माझा बाप गाडीवान होता, सागवान घेऊन सिरोंच्यापर्यंत जाये. तिकडूनच सोयरीक करून आला. मी एकोणीसचा, ती चौदाची. दुसऱ्या बाया लगनात पितळेचे गुंड-घागरी घेऊन येते, ती गाठोड्यात ताडाच्या सात कोया घेऊन आली. बाप पोट धरून हासला. पण लावू देल्ल्या त्यानं, इथी, एका रांगेत. इकडं कोसा-दोन कोसात दुसरा ताड नाई. उन्हाळाभर डोक्यावर पाणी वाहून जगवले तिनं.

जलालुद्दीन : अन फळ?

डोमाजी : तिच्या राहाच्यात नाईच. ताड कुठी लवकर फळते? सोळा वर्सं लागले. सुगंधा आल्यावर सहा वर्षांनी सहा ताडांले ताडगोळे धरले. सातव्याले नाई धरले. त्याले नुसत्या शेपट्या येत, बोटाएवढ्या जाड, खाली लोंबणाऱ्या. दरसाल शेपट्या, दरसाल वाळून पडे. लोकं म्हणाले, वांझ बाईनं वांझ ताड धरला. पोचक्का त्याच्यातच जाऊन बसली. अन सुगंधाचीही कूस तीच उजवू देत नाई.

सुगंधा : मुखरू पुजारी म्हणाला.

डोमाजी : मुखरू म्हणाला, गावही म्हणालं. ताड तोडला तं ती निघून जाईन. पहिला घाव नवऱ्यानं घालाचा. घातला. दसरू अन सोमाजी होते संगं. लोखंडासारखं लाकूड, दोन दिवस लागले. अन दुसऱ्या साली काय झालं, पाहा वर.

जलालुद्दीन : पाहूनच राह्यलो मघापासून.

डोमाजी : सहाच्या सहा बसले. चार वर्सं झाले, एक गोळा नाई. मोहोर येते, दाणे धरल्यासारखे होते, अन गळून जाते. खाली सारा सडा पडते. एकात होती ती साऱ्यांत गेली. तेवापासून आमी तांदूळ ठेवतो.

जलालुद्दीन : भाऊ, बसा जरासे. बैलांले पाणी पाजा. मी जंगल खात्याच्या नर्सरीत बी गोळा करतो, तिकडं सिरोंच्याकडं. वीस वर्सं झाले, दुसरा धंदा केला नाई. मले झाडांचं थोडंसं मालूम आहे.

डोमाजी : झाडाचं नाई हे.

जलालुद्दीन : झाडाचंच आहे. बाई, तुमच्या वाडीत भोपळ्याचा वेल असन?

सुगंधा : छपरावर आहे.

जलालुद्दीन : त्याले फुलं कसे येते?

सुगंधा : दोन जातीचे. एक नुसतं लांब दांडीवर उभं राह्यते. दुसऱ्याच्या बुडाले सुपारीएवढा भोपळा पहिलेपासूनच असते.

जलालुद्दीन : दांडीवाल्या फुलाचं काय करता?

सुगंधा : भाजी. बेसनात. पण सारे तोडत नाई आमी. माय म्हणे, चार-दोन ठेवत जाय, नाई तं भोपळे पिवळे पडून गळते. एका साली माझ्या जावेनं सारे तोडले, पाहुणे आले म्हून. त्या साली एक भोपळा धरला नाई.

जलालुद्दीन : आता तुमीच सांगा भाऊंले, काऊन धरला नाई.

सुगंधा : मले काय माहीत. माय म्हणे, ते गडीफूल असते.

जलालुद्दीन : बस्. मायनं सारं सांगून ठेवलं. गडीफुलात पिवळी धूळ राह्यते. माशी ती पायाले लावून नेते, बाईफुलावर सांडते, मंग भोपळा धरते. धूळ नाई तं भोपळा नाई. भोपळ्यात दोघं एका वेलावर राह्यते. सागात तं एका फुलाच्या आतच राह्यते. मोहाचं फूल रातच्याले उघडते, वाघळं रस प्याले येते, तोंडाले धूळ लावून दुसऱ्या मोहावर जाते. उंबराचं फूल तुमी कधी पाह्यलं?

डोमाजी : उंबराले फूल नसते.

जलालुद्दीन : असते, फळाच्या पोटात. उंबर फोडला का आतून चिलटं उडते ना, तेच त्याचं काम करते. ज्याची त्याची तऱ्हा आहे. वेळूची तं विचारूच नका, जिंदगीत एकदा फुलते अन अख्खं बेट वाळून जाते. आता ताडाची तऱ्हा अशी, का एक अख्खं झाड गडी अन एक अख्खं झाड बाई.

डोमाजी : झाडात कुठी गडी-बाई राह्यते?

जलालुद्दीन : सिरोंच्यात लहान पोरगंही सांगन तुमाले. गडी ताडाले शेपट्या येते, बाई ताडाले गोळे येते. कोयीवरून समजत नाई, रोपावरून समजत नाई, पंधरा-सोळा वर्सं वाट पाहा लागते. तुमच्या सातात सहा बाया निघाल्या, एक गडी निघाला.

सुगंधा : शेपट्यावाला.

जलालुद्दीन : हो. त्याच्या शेपट्यांतली धूळ वाऱ्यानं उडे, ह्या सहा जणींवर पडे.

सुगंधा : माझ्या लुगड्यावरही पडे. फागुनात इथी लुगडं वाळू घातलं का बारीक पिवळं काई तरी बसे. मी झटकत होती. मले वाटे, पोचक्का माझ्यावर माती टाकते.

डोमाजी : म्हंजे तो ताड...

जलालुद्दीन : वांझ नव्हता भाऊ. फळ धरणं त्याचं कामच नव्हतं. त्याच्या जिवावर बाकीच्या सहा फळत होत्या. तुमी एकला गडी होता तो तोडला. ह्या सहाजणींत कोणी बसलं नाई. ह्या चांगल्याच आहे. ह्यांले काई झालं नाई.

डोमाजी : पोचक्का म्हणाली होती.

जलालुद्दीन : काय म्हणाली होती?

डोमाजी : कोया लावताना. हात चिखलानं भरले होते तिचे. म्हणे, सातात एक तरी गडी निघू दे. मी म्हटलं, गडी कायले पाहिजे, तुले मी पुरत नाई का? ती लाजली अन पुढं काई बोल्ली नाई. मले वाटलं थट्टा करून राह्यली. चोवीस वर्सं झाले, मी ते थट्टाच समजून होतो.

सुगंधा : एक विचारू, भाई?

जलालुद्दीन : विचारा बाई.

सुगंधा : सहाच्या सहा बायांले फळ धरत नाई, अन लोकं म्हणते बायांतच खोट आहे. अन खोट असते गडी नसल्याची. असं होऊ शकते ना?

जलालुद्दीन : ताडात होते.

सुगंधा : मी ताडाचंच विचारून राह्यली.

डोमाजी : चूप बस. झाडाचं झाडाजवळ, माणसाचं माणसाजवळ. माणसात असं नसते. पोचक्काले आठ वर्सं लेकरू झालं नाई, तुले चौदा वर्सं झालं नाई. माझं नशीब खोटं, दोन्ही तशाच भेटल्या.

सुगंधा : दोघी दोन दिशेच्या. ती सिरोंच्याची, मी नदीपलीकडची. दोघींचं एकच दुखणं अन तेही ह्याच घरात आल्यावर.

डोमाजी : म्हटलं ना चूप. वरोऱ्याकडची कमळा लगन करून येऊन राह्यली वैशाखात. ती आली का समजन साऱ्यांले. पोचक्काले एक जरी लेकरू झालं असतं, तं मी मानलं असतं. झालं नाई. वांझ मेली ती, हीच मोठी साक्ष आहे.

जलालुद्दीन : झाले ना. चार.

डोमाजी : काय चार?

जलालुद्दीन : लेकरं. डोमाजी भाऊ, मी तिचं नाव काढणार नव्हतो. तसं कबूल करून आलो होतो. हे ताड पाहून मुकाट्यानं निघून जाणार होतो. पण तुमी पेटी लादून आणली बंडीवर. मले आता चूप राहता येत नाई. पोचक्का मेली नाई. आमच्या नर्सरीत कामाले येते. चार लेकरं आहे तिले.

सुगंधा : काय बोलता भाई...

डोमाजी : दुसरी असन कोणी. सिरोंच्यात घरोघर पोचक्का आहे.

जलालुद्दीन : हनुवटीवर गोंदण आहे. तीन टिपके. मधला जाग्यावर नाई, बाजूले सरकला आहे.

डोमाजी : ... गोंदणारीचा हात हालला होता. लगनाच्या पाचव्या दिवशी माझ्या मायनं गोंदवलं. पोचक्का हासली मधातच, म्हून हालला. दुखत असताना हासाची ती.

जलालुद्दीन : आताही हासते. मोठी पोरगी चौदाची झाली. तिच्या खाली तीन पोरं. नवरा नावेवर आहे, बरा माणूस आहे.

सुगंधा : चौदाची. माझं लगन झालं त्या साली झाली ती.

डोमाजी : घागर होती काठावर. चुंबळ होती.

जलालुद्दीन : घागर रिकामी होती का भरलेली?

डोमाजी : भरलेली.

जलालुद्दीन : जीव देणारी बाई घागर भरून ठेवते का भाऊ?

सुगंधा : बोला ना. चौदा वर्सांत मले कोणी सांगतलं नाई का घागर भरलेली होती.

डोमाजी : काठोकाठ होती. आदल्या सांजेले मी तिले सांगतलं, उद्या तुले सिरोंच्याले पोचवतो, बंडी सांगून ठेवली आहे. ती रडली नाई. म्हणे, घरात पाणी नाई, मी भरून ठेवतो. तशीच बोले ती, बाया बोलते तसं नाई, तिले इकडची बोली नीट कधी आलीच नाई. सकाळी पाह्यलं तं घागर भरून ठेवली होती अन ती नव्हती.

जलालुद्दीन : पायी गेली ती. बावीस दिवस लागले म्हणे. बंडीची वाट पाह्यली नाई.

सुगंधा : तुमाले समजलं होतं. घागर पाहूनच समजलं होतं.

डोमाजी : पहिल्याच दिवशी समजलं होतं. ढिवर जाळं टाकत होते अन मी काठावर उभा राहून मनात म्हणत होतो, इथी भेटणार नाई ती. पण बोल्लो नाई. सिरोंच्याले माणूस धाडला असता तं तिच्या भावायनं विचारलं असतं, काऊन टाकली. मेली म्हटलं का कोणी काई विचारत नाई. दुसरं लगनही लवकर जमते. मले तिचं मरण सोपं पडलं, सुगंधा. पाहा, आज पहिल्यांदा बोल्लो.

सुगंधा : अन मले तिचं भय घालत राह्यले. सांजच्याले एकली पाळीवर जाऊ नको, तिची सावली पडू देऊ नको. चौदा वर्सं मी त्या बाईचा उपास करून राह्यली, दर अवसेले. का माझी कूस सोड माय, मी तुले काई केलं नाई. अन ती तिकडं लेकरांले जेवू घालून राह्यली.

डोमाजी : मलेही ते खरंच वाटाले लागलं होतं. पहिले लोकांले सांगतलं, मंग लोकांनी मले सांगतलं. अन मंग रडण्याचा आवाज सुरू झाला. तो आवाज ऐकला का मले वाटे, आपण खोटं बोल्लो ते खरं झालं. बाहुली कच्ची राह्यली म्हून ती अर्धी मेली.

जलालुद्दीन : एक गोष्ट सांगतो, तिनं तुमची बदनामी नाई केली. तुमचं नावही नाई घेतलं. नर्सरीत ताडाचं बी वेगळं करत होतो, तं म्हणे, भाई तुमी आरमोरीकडं जाणार आहे ना, तिकडं एका तलावाच्या पाळीवर माझे सात ताड आहे. पाहून या. माझा एक डोळा तिकडंच आहे. एवढंच बोल्ली. अन ही थैली देल्ली.

सुगंधा : काय आहे थैलीत?

जलालुद्दीन : गडी ताडाच्या शेपट्या. पळसाच्या पानात बांधून देल्ल्या तिनं. म्हणे, सातही बाया निघाल्या असन तं मोहोर आला का त्याच्याजवळ ह्या बांधून द्या. पाच-सहा दिवसांत पोचले तं धूळ चालते म्हणे. मी मोटारीनं चांद्यावरून आलो, आज चौथा दिवस आहे.

सुगंधा : दाखवा मले. ... हेच ते. हेच बसे माझ्या लुगड्यावर.

डोमाजी : तिले मालूम आहे का? बाहुलीचं? तांदळाचं?

जलालुद्दीन : नाई. अन मी सांगणारही नाई. जित्या बाईले काऊन सांगाचं का तुले जाळली.

डोमाजी : ताड तोडल्याचं?

जलालुद्दीन : ते सांगा लागन. मी पाहूनच आलो म्हणीन, तं विचारन ना ती, कोणता निघाला गडी.

सुगंधा : तिले सांगा, सातवा. पाण्याच्या अंगचा, शेवटचा. चार साल लय गोळे दिले साऱ्यांनी. गावच्या पोरांनी खाल्ले, मीही खाल्ले. हे पहिले सांगा. तोडल्याचं मंग सांगा.

जलालुद्दीन : सांगतो.

डोमाजी : सुगंधा, बंडी फिरवतो मी.

सुगंधा : कुठी?

डोमाजी : घरी.

सुगंधा : घरी कमळा येणार आहे ना वैशाखात.

डोमाजी : नाई येणार. सोमाजीले धाडतो उद्या वरोऱ्याले. लगन मोडलं म्हून सांगन तो.

सुगंधा : कारण काय सांगन?

डोमाजी : काई बी. पत्रिका जमली नाई म्हणन. घरात आजार आहे म्हणन.

सुगंधा : मंग उद्या तुमच्या मायच्या मनात आलं तं चौथी पाहान. मी नाई येत. चला, नदी पार करा, मले सोडून द्या.

डोमाजी : मंग काय सांगू?

सुगंधा : जे आहे ते. सतरा वर्षांची पोरगी आहे ती. तिच्याही नावानं तांदूळ ठेवान तुमी दहा वर्सांनी.

डोमाजी : गावात तोंड दाखवाले जागा राहाची नाई मले.

सुगंधा : मी चौदा वर्सं दाखवलं. बारशाले बोलावत नव्हते मले. ओटी भराले बोलावत नव्हते. कोण्या घरी लेकरू आजारी पडलं का माझी नजर काढून टाकत होते. अन मी खालच्या मानेनं तुमच्या ताटात वाढत होती. का माझ्यामुळं ह्या माणसाचा वंश बुडाला म्हून.

जलालुद्दीन : मी जातो भाऊ. हे तुमच्या घरचं आहे.

डोमाजी : बसा भाई. एक माणूस पाहिजे ऐकाले, नाई तं मी घरी पोचेपर्यंत बदलून जाईन. ... सोमाजीले सांगतो. खोट माझ्यात आहे. पहिलीत नव्हती, दुसरीत नाई. असंच सांग म्हणतो कमळाच्या बापाले.

सुगंधा : सोमाजीले नाई. तुमी जाऊन सांगा.

डोमाजी : मी?

सुगंधा : पहिला घाव तुमीच घातला होता ना.

डोमाजी : जातो.

सुगंधा : मंग फिरवा बंडी. पण पेटी मी आत नेत नाई. तुमी वरोऱ्याहून येईपर्यंत पेटी ओट्यावर राह्यन. लोकांले दिसू द्या.

डोमाजी : राहू दे. भाई, ह्या शेपट्या बांधाच्या कुठी?

जलालुद्दीन : मोहोराच्या बाजूले, वाऱ्याच्या तोंडाशी. थोड्या थोड्या साऱ्याच झाडांवर. कोणाले तरी चढा लागन.

डोमाजी : मी चढतो. जवानीत चढलो नाई, तेवा हे लहान होते. दोर आहे बंडीत.

जलालुद्दीन : पडान भाऊ ह्या वयात. मले सवय आहे, मी चढतो, तुमी दोर धरा.

डोमाजी : बरं. मी धरतो.

सुगंधा : अन हे तांदूळ? मूठ तशीच आहे अजून माझी.

डोमाजी : घरी ने. शिजव. भाईची भाकर अर्धीच झाली आपल्यामुळं.

जलालुद्दीन : आता बसू का खुंटावर?

डोमाजी : बसा. लाकूडच आहे. ... सुगंधा.

सुगंधा : काय?

डोमाजी : एक समजलं नाई मले. ती तिकडं चार लेकरांची माय आहे. मंग ह्या पाळीवर इतके वर्सं पहाटे रडत होती ते कोण?

सुगंधा : तुमी घोंगडं डोक्यावर ओढून पडत होता. एकदा बाजूले हात लावून पाह्यला असता, तं अंथरूण रिकामं लागलं असतं.